फळीवरची हिरवी

१६ सप्टेंबर १९५१

सप्टेंबरात डायरी सुरू करणारी मी एकटीच असेन. पण डायरी फुकट मिळाली. निजाम स्टेट रेल्वे हे नाव आता जाणार, म्हणून ते नाव छापलेल्या डायऱ्यांचा गठ्ठा स्टेशनात नुसता पडून होता. यांनी त्यातली एक आणून दिली आणि म्हणाले, "घे, दुधाचा हिशेब लिही." दुधाचा हिशेब माझ्या तोंडपाठ आहे. मी आपलं मनातलं लिहीन. ते बोलायला या वाघदऱ्यात कुणी नाही.

वाघदरा म्हणजे मंचेरियलच्या पुढे सागाच्या जंगलातलं स्टेशन. मास्तर आमचे हे, नरसिंगराव. हाताखाली रूळ बदलणारा सांधेवाला डोमाजी, बेल्याकडचा, वऱ्हाडी बोलणारा. मेल गाड्या धडधडत निघून जातात, पॅसेंजर तेवढी जराशी टेकते. आम्हांला मूलबाळ नाही, त्यामुळे क्वार्टर शांत असतं.

शांत म्हणजे, एक सवत आहे. पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लांब फळी, ट्रंकांवर टेकवलेली. तिच्यावर विलायतेतलं एक खेडं वसलं आहे. अपर विलो त्याचं नाव. स्टेशन काडेपेट्यांचं, झाडं घोसाळ्याच्या वाळक्या जाळीची आणि सिग्नलचे खांब माझ्या विणायच्या सुयांचे. त्या सुया हरवल्या म्हणून मी एक अख्खी थंडी डोमाजीच्या बायकोवर डूख धरून होते. किल्लीची आगगाडी रेल्वेतल्या पामर साहेबानं दिली, तो नोकरी सोडून मायदेशी परत गेला तेव्हा. अजून तो तिथून आगगाड्यांची मासिकं पाठवतो. आमचे हे मुंबईच्या पलीकडे कधी गेले नाहीत, पण अपर विलोचं वेळापत्रक यांना लग्नाच्या तिथीपेक्षा पक्कं ठाऊक आहे.

या खेळात मलाही नोकरी आहे. मी शेजारचं स्टेशन. यांनी पुढच्या खोलीत पेल्यावर चमचा वाजवला की त्याचा अर्थ, गाडी सोडू का? मी स्वयंपाकघरातून तव्यावर उलथनं वाजवलं की लाइन क्लिअर, म्हणजे सोडा. भाजी करपत असली तरी वाजवावं लागतं, नाहीतर गाडी तिथंच उभी आणि तिच्याशेजारी हेही.

२९ सप्टेंबर

आज मी भांडले. सकाळी वेणी घालून बाहेर आले तर हे म्हणाले, "आज कपाळाला काळं का लावलंस?" सणासुदीच्या तोंडावर हे बोलणं! मी तडक आरशापुढे गेले. कुंकू नेहमीचंच, चांगलं लालभडक. मी म्हटलं, "अहो, थट्टेलाही काही मर्यादा असते. कुंकवाला काळं म्हणतात का?" हे एकदम गोरेमोरे झाले. "उजेड पडला नव्हता," म्हणाले. ऊन तर ओट्यावर आलं होतं.

दिवसभर मी बोलले नाही. पेला वाजला, मी उलथनं हातात धरून बसून राहिले. शेवटी स्वतः आत आले आणि म्हणाले, "हिरवी केव्हाची उभी आहे गं." तेव्हा मला हसू आलं.

हिरवी म्हणजे ती किल्लीची गाडी. आहे चांगली टोमॅटोसारखी लाल, पण हे तिला पहिल्या दिवसापासून हिरवी म्हणतात. काळ्यासावळ्या पोरीचं नाव लोक गौरी ठेवतात, तसं असेल. माझं मात्र लग्नात नुसतं चारुशीला ठेवलं आणि तेही कधी हाकेत येत नाही.

४ ऑक्टोबर

पामरनं पाठवलेली मासिकं आली. आतली सगळी चित्रं काळीपांढरी. हे तासन्‌तास बघत बसतात. मी म्हटलं, एखादं तरी रंगीत असतं तर शोभा आली असती. तर म्हणाले, "रंगानं काय होतं? सिग्नलचा हात आडवा म्हणजे थांबा, पडला म्हणजे या. आंधळ्यालाही कळेल."

मग ऐकवलंच. पूर्वी म्हणे विलायतेत रात्रीच्या वेळी पांढरा दिवा म्हणजे गाडी सोडा, आणि हिरवा म्हणजे नुसतं सावकाश. पुढे कुणाला तरी बदलावंसं वाटलं आणि पांढरा काढून हिरवा आणला. "पांढराच ठेवायला हवा होता," हे म्हणाले. आवाज असा, की यांच्या इस्टेटीतलंच कुणी काही नेलं. तिकडच्या कंपन्याही सरकारनं तीन वर्षांपूर्वी एकत्र केल्या, आमच्यासारख्याच. "माझ्या फळीवर विलीनीकरण नाही," म्हणाले. मी म्हटलं, नका करू, पण जेवायला चला.

१२ ऑक्टोबर

डोमाजी दसऱ्याला गावी गेला आणि नेमानं यांचं पोट दुखायला लागलं. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधीच तार करून मंचेरियलहून बदली मास्तर मागवला. गेल्या पोळ्यालाही असंच झालं होतं. मी ओव्याचा अर्क दिला, हिंग चोळला. डोमाजी परत आला आणि पोट दुखायचं थांबलं. मी सोजरबाईला, डोमाजीच्या बायकोला, म्हटलंसुद्धा, तुझ्या नवऱ्याची आमच्या मास्तरांना फार सवय झाली. गाडी आली की झेंडीसुद्धा तोच हातात आणून देतो, नवरदेवाला नारळ द्यावा तशी. ती नुसती पदर तोंडाला लावून उभी राहिली.

२३ ऑक्टोबर

दिवाळीची आवराआवर. पुढची खोली झाडायला काढली. फळीला हात लावायचा नाही अशी ताकीद आहे, पण वरच्या फडताळाला नव्हती. तिथल्या रंगाच्या डब्या तेलकट, धुळकट, नाव एकीवरही उरलेलं नाही. सगळ्या सोड्यानं घासून लख्ख केल्या आणि उंचीप्रमाणे नीट लावून ठेवल्या. हे घरी आल्यावर एका शब्दानं बरं म्हणाले नाहीत. पुरुषांना आवरलेलं दिसत नाही.

२८ ऑक्टोबर

दिवाळी म्हणून अपर विलोच्या सिग्नलांना नवा रंग दिला. यंदा हात हिरवे आणि त्यावर पांढरा पट्टा. आपल्या स्टेशनात लाल असतात. विलायतेत उलट रीत असेल. विचारलं नाही, विचारलं की व्याख्यान.

३१ ऑक्टोबर, पाडवा

पाहुणे होते. नवे इन्स्पेक्टर शरदचंद्र, मुंबईकडून आमच्या भागावर आलेले, तरणेबांड. लाइन बघायला आले होते, सणाचा दिवस म्हणून यांनी घरी फराळाला आणलं. फळी बघून तो माणूस लहान मुलासारखा मांडी घालून खालीच बसला. त्यांच्याकडेही लहानपणी अशीच गाडी होती म्हणे. हे खुलले. कधी नव्हे तो समानधर्मी भेटला. "थांबा, मासिकं दाखवतो," म्हणून आतल्या खोलीत गेले.

शरदचंद्रांनी मला विचारलं, "वहिनी, हे सिग्नल हिरवे का?"

मी म्हटलं, "तिकडे तशीच रीत असेल."

"नाही हो. तिकडेही लालच असतात." मग इंजिनाकडे बोट करून, "आणि या लाल इंजिनाला मास्तर मघापासून हिरवी का म्हणतायत?"

"लाडानं," मी म्हटलं आणि हसले.

ते हसले नाहीत. सिग्नलकडेच बघत राहिले. वळून बघते तर हे पडदा धरून दारात उभे, केव्हा आले कळलंच नाही. मासिकं आणायला गेले होते, तसेच रिकाम्या हातानं परत. मी म्हटलं, अहो मासिकं? तर म्हणाले, "सापडली नाहीत." उशाशीच तर असतात. विसराळूपणा वाढत चालला आहे.

त्यानंतर गप्पा रंगल्याच नाहीत. शरदचंद्रांनी दुसरी करंजी घेतली नाही. जाताना वयानं लहान असून यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला ते आवडलं नाही. माझ्या चिवड्यात मीठ जास्त पडलं होतं का, कोण जाणे.

५ नोव्हेंबर

आज आम्ही सेंट्रल रेल्वे झालो. डोमाजीनं स्टेशनात झेंडूचं तोरण बांधलं. पेढे वाटले. दुपारच्या पॅसेंजरनं हुकूम आला. गाडी चालवणाऱ्या आणि गाडी सोडणाऱ्या सगळ्यांची डोळे-तपासणी नव्यानं, सिकंदराबादला. आमच्या भागात पहिलं नाव यांचं.

मी म्हटलं, "तुमचे डोळे तर गरुडासारखे. मेलचा धूर सगळ्यांच्या आधी तुम्हांला दिसतो."

हे म्हणाले, "धूर दिसतो."

जेवले नाहीत. पेढाही तसाच राहिला.

८ नोव्हेंबर

तीन दिवसांत पेला वाजला नाही. आज मीच तवा वाजवून पाहिला. पुढच्या खोलीतून काही उत्तर आलं नाही.

त्या इन्स्पेक्टरनंच काहीतरी कळवलं. फराळ खाऊन गेला आणि असं केलं! पण कळवलं तरी काय? यांच्या कामात बोट ठेवायला जागा नाही, हे सगळी लाइन सांगेल.

९ नोव्हेंबर

आज डोमाजीला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. म्हटलं, मास्तरांना काय झालंय ते तुला माहीत आहे. खरं सांग.

त्यानं हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाला, "बाईसाहेब, तुमी काऊन इचारून राह्यल्या? तुमाले मालूम नाई?"

"काय मालूम नाही?"

"मास्तरले लाल अन् हिरवं एकसारकंच दिसते. लहानपनापासून."

मी म्हटलं, काहीतरीच बोलू नकोस. निजामाच्या रेल्वेत भरती झाली तेव्हा डॉक्टरनं तपासलं नव्हतं का?

"तवाच्या डाक्टरनं खिडकीतून सिग्नल दाखवला म्हने, हात वर हाय का खाली. थे तर मास्तरनं बरोबर सांगतलं. मंग मी इथं आलो, मले पह्यल्याच दिशी समजलं. तवापासून झेंडी मीच देतो. लाल डाव्या हातात, हिरवी उजव्या हातात. हातबत्तीची काच बी मीच फिरवतो. माहे डोये हायेत, थे मास्तरचेच हायेत असं समजा."

"आणि तू गावाला गेलास की?"

डोमाजी खाली बघत म्हणाला, "मंग मास्तरचं पोट दुखते."

मला हसू फुटलं. आवरेना. टाकीच्या कठड्याला धरून हसले आणि मग तिथंच बसून रडले. डोमाजी टाकीचा नळ उघडून उभा राहिला, स्टेशनात आवाज जाऊ नये म्हणून.

इतकी वर्षं ओव्याचा अर्क पाजत होते मी यांना.

११ नोव्हेंबर

सिकंदराबादला डॉक्टर लोकरीच्या लडी पुढे टाकतो आणि एक दाखवून म्हणतो, यासारख्या वेचून काढा. मग अंधाऱ्या खोलीत दिवा. ही माहिती डोमाजीनं कुणाकडून तरी काढली. लोकर माझ्याकडे आहे. आज दुपारी सगळी पोतडी जेवणाच्या पाटावर ओतली आणि यांना म्हटलं, "बसा. मला सगळं माहीत आहे. आपण तयारी करू."

मला वाटलं, ओरडतील. हे मुकाट्यानं बसले.

मी हिरवी लडी दिली. यांनी तिच्याजवळ एक तपकिरी ठेवली, एक तांबडी ठेवली, मग तांबडी उचलून बोटांत चोळून पाहिली आणि परत ठेवली. "ही तुझ्या शालीची," म्हणाले. "हाताला कळते." मी म्हटलं, हातानं नाही, डोळ्यांनी बघा. यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "डोळ्यांनीच बघतोय गं."

पुन्हा केलं. पुन्हा पुन्हा केलं. पहिलीतल्या पोराला शिकवावं तसं मी शिकवलं, चिडले, पाटावर हात आपटला. "एवढं कसं दिसत नाही हो!" मी म्हटलं. बोलल्यावर जीभ चावली. जे नाहीच ते कुठून दिसणार? घोकून पाठ करायला हा काही पाढा नाही. डॉक्टर लडी कशाही टाकणार.

मग मी विचारलं, माझं कुंकू कसं दिसतं?

यांनी हातातली लडी खाली ठेवली. मग म्हणाले, "काळपट. ओल्या मातीसारखं. पण मला सगळे म्हणायचे लाल, म्हणून मी लालच धरून चाललो होतो."

सोळा वर्षं रोज सकाळी मी यांच्यासाठी लावते, आणि यांना ते एकदाही लाल दिसलं नाही. मला कुणाचा राग यावा तेच कळेना. म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?" म्हणाले, "मी मुलगी बघायला आलो तेव्हा तू हिरवी साडी नेसली होतीस, असं सगळे म्हणाले. मी हो म्हटलं. मग त्यानंतर कधी सांगायचं?"

रंगाच्या डब्यांचंही तेव्हाच कळलं. यांनी प्रत्येक डबीची जागा ठरवलेली होती. लाल डावीकडे पहिली. मी घासून उंचीनं लावल्या, आणि यांनी जागेवरून उचलून सिग्नल रंगवले. "तुझी चूक नाही. दिवाळी होती," म्हणाले. म्हणजे इन्स्पेक्टरनं नाही, यांना मी उघडं पाडलं, सोड्यानं घासून.

हिरवीबद्दल मी काही बोलले नाही. ती लाल आहे हे यांना माहीत नाही. एवढं एक तरी यांचं राहू दे.

१४ नोव्हेंबर

आज मेल गेली तेव्हा ओट्यावर उभी होते. खिडक्याखिडक्यांतून माणसं. एक बाई बाळाला थोपटत होती. आजवर मला गाडी म्हणजे यांची गाडी वाटायची. तीत माणसं बसलेली असतात हे आज पहिल्यांदा मनात आलं. आणि तरीही देवापुढे बसून मी मागितलं ते हेच, की यांना पास कर. माझं मलाच बरं वाटलं नाही, पण मागणं बदललं नाही.

१७ नोव्हेंबर

आज हे सिकंदराबादला गेले. काळा कोट घातला. निघताना नेहमीप्रमाणे डोमाजी झेंड्या घेऊन आला. यांनी दोन्ही त्याच्याच हातात राहू दिल्या आणि स्वतः डब्यात बसले. गाडी बदली मास्तरनं सोडली.

घरात मी एकटी. सिग्नलचे हात लाल रंगवून ठेवावे म्हणून डबी उघडली. उघडून पुन्हा बंद केली. कुणासाठी रंगवायचे?

२० नोव्हेंबर

परत आले. चेहरा बघूनच विचारलं नाही. चहा घेतल्यावर स्वतःच म्हणाले, "डॉक्टर भला माणूस होता. पुन्हा करा म्हणाला. मी पुन्हा तेच केलं." दिव्याच्या खोलीत हे शेवटी शेवटी अंदाजानं सांगत होते. डॉक्टरनं मध्येच खांद्याला हात लावून म्हटलं, मास्तर, पुरे.

शिक्षा नाही. नोकरी राहील. मंचेरियलच्या पार्सल ऑफिसात कारकून. गाडीशी संबंध नाही. क्वार्टर सोडायचं.

मी म्हटलं, "नोकरी राहिली ना, झालं तर." म्हणताना माझा आवाज मला खोटा वाटला. हे म्हणाले, "हो ना." तोही तसाच.

२९ नोव्हेंबर

चार्ज घ्यायला नवा मास्तर आला, बरोबर शरदचंद्र. मी ठरवलं होतं, पाणीसुद्धा विचारायचं नाही. तो माणूस स्वतःच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. "वहिनी, माझा राग आला असेल. त्या मेलनं माझी आई दर महिन्याला येते-जाते." मी पाणी दिलं.

डोमाजी नव्या मास्तरला सवयीनं झेंडी द्यायला गेला. तो म्हणाला, "माझी मी घेईन." डोमाजी हात तसाच पुढे धरून उभा राहिला. यांनी ते पाहिलं आणि टोपी घालून बाहेर आले.

२ डिसेंबर

निघालो. फळी डब्यात मावेना, म्हणून सुतारानं मधोमध कापली. अर्धं अपर विलो सोजरबाईकडे राहिलं. डोमाजी म्हणाला, "मास्तर, पोट सांबाळा." हे हसले. मग दोघंही दुसरीकडे बघत राहिले. सोजरबाईनं माझी ओटी भरली. सुयांबद्दल मी तिची माफी मागितली, तर तिला सुयांचं काही आठवतच नव्हतं.

३० डिसेंबर, मंचेरियल

डायरी संपत आली.

भाड्याची खोली स्टेशनच्या मागे आहे. घंटा ऐकू येते. गाडी आली की हे पार्सलच्या पोत्यांवर नंबर घालत बसतात, खिडकीकडे पाठ करून. अर्धी फळी मांडली आहे, पण गाडीची किल्ली एकदाही फिरवली नाही. पेलाही वाजला नाही. मी काही विचारत नाही. काय विचारायचं?

आज पामरचं पाकीट आलं. या वेळी मासिकाचं वरचं पान रंगीत. आगगाडीचं मोठं चित्र. हे बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसले. मग मला हाक मारली, "चारुशीला." माझं नाव यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "ये इकडे. ही कोणत्या रंगाची आहे?"

सोळा वर्षांत यांनी मला रंग कधी विचारला नव्हता. मी ओल्या हातानंच गेले. म्हटलं, "हिरवी. गडद, तुरीच्या पानासारखी. चाकं काळी. पुढची पट्टी लाल."

हे ऐकत होते, एकेका शब्दाबरोबर चित्रावर बोट फिरवत. मग फळीवरची गाडी उचलून माझ्यापुढे धरली.

"आणि ही?"

गाडी खिडकीच्या उजेडात होती. टोमॅटोसारखी लाल. मी यांच्याकडे बघितलं. खोटं बोलायला मला कधी जमत नाही, पण आज अडखळले नाही. म्हटलं, "हिरवीच की. अगदी या चित्रासारखी."

हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते. मग म्हणाले, "तू सांगतेस म्हणजे हिरवीच."

पटलं यांना. पाडव्याला शरदचंद्र बोलले तेव्हा हे आतल्या खोलीत होते, नशीब माझं. मी हात पुसून आत आले, तर किल्ली फिरवल्याचा आवाज आला. मग पेल्यावर चमचा वाजला. पोळी तव्यावर होती. मी ती बाजूला काढली आणि उलथनं वाजवलं.